चाचा आणि वजूचं पाणी

आमच्या शेजारच्या चाचांइतका पाण्याला चिकट माणूस हसनाबादेतच काय, अख्ख्या भोकरदन तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि त्यांचा शेजारी असल्याचा मला मनापासून अभिमान आहे. गाद्या-रजया भरायचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर चाचांनी घरामागच्या मोकळ्या जागेकडे मोर्चा वळवला. तिथं गाजरगवत, रुई आणि वेड्या बाभळींचं राज्य होतं. चेंडू तिकडे गेला की पोरं तो शोधायच्या भानगडीत न पडता नवा आणायची. चाचांनी सगळं मुळासकट उपटलं. गाजरगवताशी तर त्यांचं उभं वैर. दावतीला निघालेले चाचा वाटेत ते दिसलं की शेरवानीच्या बाह्या सरसावून उपटायचे आणि मगच बिर्याणीकडे वळायचे.

आता तिथं लहानसं रान उभं आहे आणि त्यातलं जवळजवळ सगळं खाता येतं. वर शेवगा, त्याच्या अंगावर दोडक्याचा वेल, खाली सीताफळ, लिंबू, पपई, त्यांच्या सावलीला हळद-मिरच्या, आणि उरलेल्या जागेत भोपळा हातपाय पसरून. ओल टिकावी म्हणून प्रत्येक आळ्यात जुन्या गाद्यांमधला कापूस. आमच्याकडे पाहुण्यांना कधीकधी सतरंजीवर झोपावं लागतं, पण चाचांची लिंबोणी गादीवर वाढली. नळाला पाणी येतं ते त्याच्या मर्जीनं, म्हणून चाचांनी युक्ती काढली. नमाजेआधी हात-पाय-तोंड धुवायचं, ती वजू, ते दर वेळी वेगळ्या झाडापाशी करू लागले. पहाटे शेवगा, दुपारी लिंबू, अशी रीतसर पाळी. पुढं हा कायदा आम्हालाही लागू झाला. माझे नवे व्याही एकदा चाचांकडे जेवले आणि हात धुवायला मोरीकडे निघाले, तर चाचांनी त्यांचा दंडच धरला.

"मोरीत न्हाई, पाव्हणं! सीताफळापाशी चला. कालपासून तहानलंय बिचारं."

व्याह्यांनी निमूट हात धुतले. "चूळ बी भरा की," चाचा म्हणाले, "जल्दी काय हाय?"

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी उशीर केला तर उजवा डोळा हातचा जाईल. ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, तोंडाला पाणी लावायचं नाही. चाचांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. "मंग झाडांनी काय करावं? ऐन उन्हाळा हाय. पाऊस लागू द्या, बिलकुल येतो." मुलगा चिडला, मी समजावलं, इमामसाहेबांनीही पाण्यावाचून, नुसता कोरड्या मातीवर हात टेकवून केलेला तयम्मुम चालेल म्हणून सांगितलं. चाचा हलले नाहीत. अंगणात माझ्या अंगावर येऊन आदळेपर्यंत त्यांना मी दिसत नव्हतो आणि मला रात्रंदिवस त्या डोळ्याची धास्ती.

एका दुपारी चाची आमच्या दारात आल्या. त्या रानात न खाण्याजोगं एकच झाड चाचांनी लावलं होतं, चाचींसाठी शेवंती. तिला सगळ्यात जाड कापूस आणि संध्याकाळची वजू.

"सर, शेवंती कव्हाच जळून गेली," चाची म्हणाल्या. "उस की जगा गाजरगवत उगा हुआ है. इत्ते प्यार से पानी डालते, मेरे कू बोलने की हिम्मत न्हाई होती."

मला आधी हसू फुटलं. मग चाचींचा चेहरा पाहिला आणि लाज वाटली. मी तसाच उठलो, चाचांना त्या आळ्यापाशी नेलं आणि सांगून टाकलं. ते खाली बसले. पानं चाचपली, एक तोडून नाकाशी नेलं.

"तुमच्या चाचीला माहीत हाय?"

"हो."

चाचांनी ते रोप उपटलं नाही. "जालन्याला कधी जायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

निघण्याआधी चाचांनी मशिदीतल्या दोस्तांना वजूसाठी एकेक झाड वाटून दिलं. पपई माझ्या वाट्याला आली. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की दवाखान्याच्या पायरीवरच मी बसकण मारली.

मुलानं आणि मी त्यांना घरी आणलं. चाचा काळा चष्मा लावून थेट मागच्या दारी गेले आणि मी ओरडत असतानाच त्यांनी तो काढला. शेवग्यापाशी एक दोस्त पाय धूत होता. चाचा वर बघत राहिले, मग खाली, मग पुन्हा वर. "एवढं दाट झाल्तं?" ते पुटपुटले. "मला कुणी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे वळून निरखून पाहिलं. "सर, तुमचे केस कधी पांढरे झाले हो?"

मी हसून डोक्यावरून हात फिरवला. दवाखान्याच्या धावपळीत चाचींची केसांना मेंदी लावायची राहून गेली होती. आमच्या मागं त्या पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. चाचा आता आपल्याकडे वळणार हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी घाईघाईनं पदर कपाळावर ओढून घेतला.