पाटीवरची अंडी

धुळ्याच्या दुकानदाराने एंजल मासे पिशवीत भरून देताना छातीठोकपणे सांगितलं होतं, "जमलेली जोडी आहे ताई. पिल्लं ठेवायला टाक्या पुरणार नाहीत." धुळं माझं माहेर, दुकान भावाच्या ओळखीचं. मी विश्वास ठेवला. जळगावला घरी आल्यावर टाकीत फुटक्या पाटीचा तुकडा तिरका उभा केला. हे मासे अशा सपाट जागेवरच अंडी चिकटवतात.

अंडी लवकरच दिसली, राजगिऱ्याएवढी, पारदर्शक. दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत होते. पण दोनेक दिवसांत सगळी पांढरी पडली आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही.

मग माझी नजर घरात फिरायला लागली. यांनी डासांचा फवारा मारला असेल? "हॉलमध्ये शेवाळाचा वास येतो," ही यांची कायमची तक्रार. पण खरा संशय सासऱ्यांवर. नाना पाचोऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आलेले, तंबाखू मळत दुपारभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. एकदा त्यांच्या सदऱ्याची बाही ओली दिसली.

"नाना, पाण्यात काही टाकलंत का?"

"मी हातबी लावेल नही." मळता हात थांबला. "मन्हावर वहीम लेस का तू?"

संध्याकाळी टाकीचं झाकण चिकटपट्टीने बंद केलं. नानांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची गॅलरीत नेली. बघा, मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

झाकण बंद असूनही पुढची अंडी पांढरीच झाली.

आता संशय घ्यायला घरात कोणी उरलं नाही, तेव्हा मी माशांवरच नजर ठेवली. एका सकाळी एक मासा पोट टेकवत पाटीवरून वर सरकला आणि मागे अंड्यांची ओळ राहिली. दुसरा त्याच्या मागोमाग आला. हा नर, आता अंडी फळवणार, म्हणून मी काचेला नाक लावलं. तर त्याच्याही मागे अंड्यांची ओळ! दोघांच्या पोटाखालची नळी सारखीच जाड, बोथट, मादीची असते तशी.

"नाना," मी गॅलरीत जाऊन म्हटलं, "दोन्ही माद्या आहेत."

"मंग पिल्ला कोठून व्हतीन?" एवढंच म्हणून ते रस्त्याकडे बघत राहिले.

मी धुळं गाठलं. दुकानदाराने मोबाइलमधला फोटो बघून मान हलवली. "हे मासे माझे नाहीतच. तुमच्याकडे बदलले असतील."

"भाऊ, मासे बदलून मी एवढ्या उन्हात बसने येईन?"

त्याने जाळी घेऊन एक मासा काढला. "हा नर. नक्की." मी तो उजेडात धरायला लावला, बारीक टोकदार नळी स्वतः पाहिली, तेव्हाच पिशवी घेतली. त्याला आधीच माहीत होतं, का तोही फसला होता, हे मला आजवर कळलेलं नाही.

नव्या नराला दोघी मिळून मारायला धावल्या, म्हणून एकीला वेगळ्या टाकीत ठेवलं. या वेळी अंडी पारदर्शकच राहिली, त्यांत काळे ठिपके दिसले, आणि मग पाटीभर शेपट्या वळवळू लागल्या.

मी नानांना हाक मारली. ते आले, वाकून खूप वेळ बघत राहिले. "बठ्ठा जित्ता शेतस," हळूच म्हणाले. "हो, सगळी जिवंत आहेत," मी म्हटलं. दोन्ही हात मात्र त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते.