पहिलीतही आणि चौथीतही

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. केशोरीच्या शाळेत मी मास्तर होतो. पोरं पाढे म्हणत आणि शाळेमागच्या धानाच्या गिरणीची घरघर त्यांत मिसळत जाई. त्या आवाजात माझं मन कुठल्या कुठं तरंगत जायचं. पस्तिशी उलटल्यावर त्याच ओढीनं मी शाळा सोडली आणि गोंदियातल्या एका पेढीत नोकरी मागायला गेलो. गिरणी कुठं बांधावी, कशी चालवावी, याचा सल्ला ती पेढी गिरणीवाल्यांना देत असे.

पेढीचे मालक वयस्कर, बोलणं अर्धं हिंदी. मला कुठल्या जागेवर घ्यावं, हे त्यांना ठरवता येईना. नवखा म्हणावं तर कानशिलं पिकू लागलेली. जाणता म्हणावं तर इंजिनाचा पट्टा कसा चढवतात तेही ठाऊक नाही. शेवटी त्यांनी मला एका गिरणीत नेलं. म्हणाले, इथं बसा, आणि संध्याकाळी काय दिसलं ते सांगा.

मी बसलो. कौलांच्या फटींतून उन्हाचे तिरपे पट्टे उतरत होते, त्यांत कोंडा हळूहळू तरंगत होता. उकडलेल्या धानाचा ऊबदार वास. डोईवर टोपल्या घेतलेल्या बाया त्या उजेडातून जात आणि पलीकडच्या अंधारात विरून जात. पाण्याखालून पाहावा तसा तो दिवस गेला.

संध्याकाळी मी सांगितलं, की पोत्यांची थप्पी दारातच असल्यानं बायांना वाळवणाच्या अंगणात वळसा घालून जावं लागतं. ती हलत नाही, कारण मुकादम आणि मिस्त्री एकमेकांशी बोलतच नाहीत. यंत्राचं मात्र मला काहीच कळलं नाही.

मालक म्हणाले, "गुरुजी, आदमी समजण्यात तुम्ही चौथीत आहात. मशीनमध्ये पहिलीत. दोन्हीकडे बसावं लागेल."

म्हणजे गिरणीवाल्यांशी बोलणी करायला मी जुन्या लोकांबरोबर जायचं, आणि एरवी पेढीच्या मिस्त्रीच्या हाताखाली राबायचं. बिऱ्हाडी येऊन मी खिन्न बसलो. बायको म्हणाली, "काऊन जी, तोंड पाडून बसून राहिले? पहिलीतल्या पोरायले तुम्ही कमी समजत होते का?"

तसं मी कधीच समजलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीसमोर उभा राहिलो. त्यानं माझा तळवा इंजिनाच्या चौथऱ्यावर ठेवला आणि खालची जमीन पक्की आहे का ते थरथरीवरून ओळखायला सांगितलं.

दोन-तीन पावसाळे गेले. मग एकदा मालकांनी मला एकट्यालाच सौंदडला पाठवलं. छोट्या रुळांच्या आगगाडीच्या खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांतलं पाणी आणि त्यात उतरलेलं आभाळ सरकत होतं. नव्या गिरणीच्या मोकळ्या जागेवर तिथले शेटजी वाट पाहत होते. इंजिन कुठं बसवायचं, त्यांनी विचारलं. मी वहाणा काढल्या, जमीन पायानं चाचपत थोडा फिरलो आणि जिथं ती टणक लागली, पण बायांची वाळवणाकडची वाट अडत नव्हती, ती जागा त्यांना दाखवली.