मोटारीची खांदशेकणी

किसन गेल्याचं मला मळ्यात वांगी तोडताना कळलं. त्याचा थोरला मुलगा महादेव धुऱ्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बाबा गेले." हातातली टोपली हातातच राहिली. आदल्याच आठवड्यात किसन अनसिंगच्या पारावर भेटला होता. अंगात ताप, तरी तोंडाची टकळी सुरूच. "अवंदा खांदशेकणीले लवकर येजो. मोटारीचा पुढचा पाटा लय कुरकुर करून राह्यला." मी नेहमीसारखी टर उडवली आणि घरी निघून गेलो... साध्या तापाचं असं होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं म्हणतात. किसन हे सगळं मोटारीसाठी करायचा.

हरण्या आणि सरदार ही जोडी विकून त्यानं जुनी मोटार घेतली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. मीही मागं नव्हतो. पण माझा भाजीपाला तिच्यातूनच वाशिमच्या बाजाराला जायचा आणि झिजलेल्या बुशांपायी निम्मी वांगी ठेचली जायची. बुश म्हणजे कमानपाट्याच्या टोकाच्या भोकात बसणारी नळी. तिच्यातून पिन जाते आणि गाडीचा भार तिथं तोलला जातो. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि अकोल्यात पितळी बुश मिळेनासे झाले. मग बैलबंडीची चाकं करणाऱ्या सुताराकडून तो लाकडी बुश करून घेई, ते एरंडेलात मुरवी आणि खांदशेकणीच्या दिवशी मोटार दगडांवर चढवून, जुने ठोकून काढून, नवे बसवी. वर पाट्यांना तूप-हळद. "पुरणपोळीबी चारतं का मोटारले?" मी विचारी. तो हसत नसे. "भार तं हिच्याबी खांद्यावरच येते ना," म्हणे.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. म्हणून तर मी थट्टा करायचो. नाहीतर त्या विषयावर बोलणं दोघांनाही जड गेलं असतं. हरण्या विकला तेव्हा जुवाखाली त्याचा खांदा सुजून आलेला होता, जखम अजून ओली होती. मोटारवाला थांबायला तयार नव्हता, आणि किसनला मोटारीशिवाय काही दिसत नव्हतं. पुढं एकदा कारंज्याकडं वरात घेऊन जाताना वाटेत त्याला हरण्या वखराला जुंपलेला दिसला. वऱ्हाडी कुरकुरत असताना मोटार थांबवून तो शेतात गेला, त्याच्यामागं मीही गेलो. खांदा तसाच उघडा होता. हरण्यानं किसनचा हात हुंगला आणि चाटायला लागला... किसननं बैल परत मागितला. शेतकरी भला माणूस होता. "पेरणीच्या तोंडावर बैल कोन देते, भाऊ? पेरणी झाली की घेऊन जा," म्हणाला. पेरणी आटोपल्यावर किसन गेला, तोवर हरण्या राहिला नव्हता. त्यानंतर त्यानं त्या बैलाचं नाव कधी काढलं नाही.

काल खांदशेकणी झाली. महादेवानं मोटार विकली आहे. पोळा झाला की घेणारा येऊन नेणार. पोराचा मला राग नाही, त्याला बैलजोडी घेऊन शेती करायची आहे. किसनच्या बायकोचा, सारजावहिनींचा निरोप आला म्हणून गेलो, तर मोटार दगडांवर चढलेली आणि वहिनींच्या हातात एरंडेलाचा डबा. किसननं मुरत घातलेले बुश त्यात तसेच होते.

"घेनारा बदलन नं, माय. आपल्याले काय करा लागते?" महादेव म्हणत होता.

"वीक, मी नाही म्हनत नाही," वहिनी म्हणाल्या. "पन दुखऱ्या खांद्यानं धाडू नको. एकडाव धाडला, तं त्यायले जल्मभर सुखाची झोप नाही लागली."

महादेवानं हातोडी घेतली, मी पिन धरली. नवे बुश बसले. वहिनींनी पाट्यांना तूप-हळद लावली, 'आज आवतन घ्या' म्हणाल्या. पुढचं त्यांना म्हणवेना. इतकी वर्षं ज्याला मी हसत आलो, ते म्हणायला आता मीच उरलो होतो. मोटारीतल्या किसनच्या रिकाम्या बैठकीकडं बघत मी म्हटलं, "उद्या जेवाले या."