पासवर्ड टाकेपर्यंत भिंतीकडं तोंड

"तोंड तिकडे कर."

सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे होते. मी उठले. खुर्ची सोडली, मागं सरले आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. खोलीत बाकीची माणसं आपापल्या मशीनवर काम करत होती. कुणी वर बघितलं नाही. पाठीमागं माझ्या कीबोर्डवरून रुमाल फिरला. खर्र, खर्र. मग पटापट बोटं चालली. मग आवाज आला, "हं, झालं. बस."

मी बसले. रुमालाला अत्तर होतं. तो वास दिवसभर माझ्या बोटांना येत राहिला.

ही गोष्ट बेंगळुरूची. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोरमंगलात एका संशोधन संस्थेत मी कामाला होते. खेड्यापाड्यांतल्या लहान पोरांची वजनं-उंच्या आमच्याकडं यायच्या आणि मी त्या कॉम्प्युटरमध्ये भरायची. शिक्षण एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. नेमणूक डेटा एन्ट्रीची, तीसुद्धा कंत्राटी. रोज येलहंक्याहून बस, मेजेस्टिकला बदलायची, मग दुसरी बस. तरी मी खूश होते. माझ्यापेक्षा बाबा खूश होते. बाबा रेल्वेच्या यार्डात झाडूकाम करायचे. जन्मभर उभ्यानं काम. ते सगळ्यांना सांगत सुटले होते, "आमच्या पोरीला खुर्ची आहे. बसून काम करते ती."

सर आमच्या सगळ्या मशीनी सांभाळायचे. पुण्याचे. पहिल्या दिवशी मी मराठी आहे कळल्यावर केवढे हरखले! "अरे वा, आपली माणसं भेटली! या, बसा. आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "अच्छा, अच्छा." आणि दुसऱ्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

तेव्हा मला राग आला नव्हता. वयानं मोठे आहेत, म्हणतात तू, म्हणू देत. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळ्या कॉम्प्युटरांना हार घातले, कीबोर्डांना हळदकुंकू लावलं. माझ्या टेबलापाशी आल्यावर कुंकू संपलं म्हणे. मी म्हटलं, संपलं असेल. माणूस किती दिवस स्वतःला फसवतो बघा.

मग ते सॉफ्टवेअर आलं. आकडेमोडीचं आमचं जुनं विकतचं पॅकेज बंद पडलं होतं, नव्यानं घेणं संस्थेला परवडत नव्हतं. प्रकल्पाच्या डॉक्टरबाईंनी कुठून तरी एक फुकटचं मिळवलं. ते तयार नव्हतंच. नुसता सोर्स कोड, लिहिणाऱ्यांनी लिहिला तसा, सगळ्यांना उघडा. पीठ नाही, जोंधळे. आपणच दळून घ्यायचे. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "तू हे चालू करून दाखव. मग आकडे भरायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ, विश्लेषण तू करायचं."

विश्लेषण! त्यासाठीच तर मी शिकले होते. घरी जाऊन आईला सांगितलं तर तिनं कानशिलावर बोटं मोडली.

पण ते चालू करणं सोपं नव्हतं. आधी मशीन तपासायचं, मग कोड बांधायचा, मग बसवायचं. तपासतानाच अडायचं. अमुक कंपायलर नाही, तमुक लायब्ररी नाही. या गोष्टी मशीनवरच्या सगळ्यांच्या सामाईक जागेत टाकायच्या, आणि तिथं काही टाकायचं तर मशीनच्या मालकाच्या खात्यातून जावं लागायचं. त्या खात्याला रूट म्हणतात. रूटचा पासवर्ड फक्त सरांकडं. म्हणजे काही अडलं की सरांना बोलवायचं, आणि सर आले की म्हणायचे, तोंड तिकडे कर.

ती भिंत मला पाठ झाली. पिवळट रंग. एसीच्या पाण्याचा ओघळ. कॅलेंडर काढून नेल्यावर उरलेला खिळा. रोज मी त्या खिळ्याकडं बघायची. स्वप्नातसुद्धा तो खिळा दिसायचा. पाठीमागं खर्र खर्र चाललेलं, आणि मला मागं बघायचं नाही.

सगळ्यांनाच असं करतात, असं मी धरून चालले होते. आणि एक दिवस सुमाक्काचा प्रिंटर अडला.

सुमाक्का माझ्या शेजारी बसायची. बेंगळुरूतलंच जुनं मराठी घराणं, चिक्कपेठेत साड्यांचं दुकान. बोलणं निम्मं कानडी. सर तिच्या मशीनवर पासवर्ड टाकायला आले. ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. खुर्ची जरा सरकवली, "टाका की सर" म्हणाली आणि केसातला गजरा नीट करत बसली. सरांनी वाकून पासवर्ड टाकला. रुमाल खिशातच राहिला.

मी बघत होते.

आणि मला दुसरी भिंत दिसली. निळी. येलहंक्याच्या जुन्या पेठेतलं एक मराठी घर, आई तिथं मागच्या दारचं काम करायची. गोठा, मोरी, अंगण. मी आईबरोबर जायची. मागच्या दारातून सरळ देवघर दिसायचं. पुरणाचा वास सुटलेला. मालकीणबाई ताट घेऊन यायच्या आणि मला बघून थांबायच्या. "तोंड तिकडे कर गं. नैवेद्य व्हायचाय." माझी नजर पडली तर देव जेवणार नाही! मी भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. घंटी वाजायची. मग "हं, झालं." आई शेण भरत असायची. ती माझ्याकडं बघायची नाही. मी विचारलं होतं तिला एकदा, "माझ्या डोळ्यांत काय आहे गं?" तिनं शेणाची पाटी उचलली आणि चालू लागली.

तेच शब्द. तोच आवाज. मधे माझं सगळं शिक्षण होऊन गेलं होतं, आणि मी तशीच उभी होते.

दुपारी डबा खाताना सुमाक्काला विचारलं, "तुझा कीबोर्ड सर पुसतात का गं?"

"अय्यो, ते काय विचारतेस?"

"सांग ना. पुसतात का?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "स्वल्प अडजस्ट कर की गं. पासवर्ड त्यांचा आहे. तुझं सॉफ्टवेअर होऊन जाऊ दे एकदा. कशाला मनाला लावून घेतेस?"

सुमाक्का वाईट नव्हती. तिच्या डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला पिवळा भात, ती मला द्यायची, माझ्या डब्यातली भाकरी खायची. पण रुमाल तिच्यावर फिरला नव्हता, त्यामुळं तिला तो दिसत नव्हता.

शेवटची पायरी राहिली होती. कोड बांधून झाला होता, आता नुसतं बसवायचं. मी आज्ञा दिली तर मशीननं तोंडावर फेकलं: परमिशन डिनाइड. रूट पाहिजे. सरांना बोलावलं. सर आले. खिशाकडं हात गेला.

"तोंड तिकडे कर."

मी उठले नाही.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं, सर. मी खाली बघते, सगळे बघतात तसं. भिंतीकडं जाणार नाही. आणि कीबोर्ड पुसायचा तर सगळ्यांचा पुसा."

खोलीतलं टायपिंग थांबलं. फक्त एसी चालू होता.

"सिक्युरिटीचा प्रश्न आहे हा," सर म्हणाले.

"सुमाक्काच्या वेळी नव्हता?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली. "राहू दे मग तुझं इन्स्टॉलेशन. बघतो कोण पासवर्ड टाकून देतं." आणि दारात चपला घालता घालता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चार बुकं शिकली की डोक्यावर बसतात."

मी तशीच बसून राहिले. रडायला येत होतं आणि रडायचं नव्हतं. विश्लेषण गेलं, नोकरी जाईल, बाबांना काय सांगू? सुमाक्कानं पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

मग मी सोर्ससोबत आलेली सूचनांची फाइल उघडली. ती प्रत्येक सोर्सबरोबर असते, कुणीही वाचावी. मी आजवर गरजेपुरतीच वाचली होती, कारण अडलं की सर आहेतच. आता सगळी वाचली. त्यात सरळ लिहिलं होतं: सगळ्यांच्या जागेत बसवायची मुभा नसेल, तर तुमच्या स्वतःच्या खात्यात बसवा. जागा सांगा, तिथं बसेल. रूट लागत नाही.

लागतच नव्हतं! शेवटच्या पायरीला त्या माणसाची गरजच नव्हती. आई म्हणायची, आपला हात जगन्नाथ. मी माझ्या खात्याची जागा सांगितली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून बांधायला लावलं. पडद्यावरून ओळी पळत राहिल्या, मी जागची हलले नाही. शेवटी ते चालू झालं. रिकाम्या ओळीच्या सुरुवातीला छोटासा बाण, माझी वाट बघत. मी एका गावातल्या पोरांच्या वजनांची सरासरी काढली. आकडा आला. मी डॉक्टरबाईंना बोलावून दाखवला. "गुड," त्या म्हणाल्या. "व्हेरी गुड."

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर ते नव्हतं. फोल्डर नाही, काही नाही. रूटला सगळ्यांच्या घरात जाता येतं.

सर दारातून म्हणाले, "परवानगीशिवाय बसवलेलं सॉफ्टवेअर होतं. साफ केलं."

साफ केलं. माझ्या बापाच्या हातात जन्मभर झाडू, आणि हे साफ करणार!

सोर्स मी फ्लॉपीवर ठेवला होता. पुन्हा बांधलं. त्यांनी पुन्हा पुसलं. मी पुन्हा बांधलं. तेव्हा ते माझ्या खुर्चीपाशी आले. "परत घातलंस?"

"हो सर. तुम्ही पुसा. मी परत घालते."

मी डॉक्टरबाईंकडं गेले. रुमाल सांगितला, भिंत सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "त्यांच्याशिवाय इथल्या मशीनी चालत नाहीत गं. तू समजूतदार आहेस." वर्ष संपलं. कंत्राट पुढं वाढवलं नाही. विश्लेषण दुसऱ्या कुणी केलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसले होते. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "उठली नाहीस ना?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले आणि तोंड पुसून बाहेर गेले.

पुढं कामं मिळाली. आकड्यांचीच मिळाली. आता माझ्या हाताखाली पोरं आहेत, रूटचा पासवर्डही आहे. पण ती भिंत गेली नाही. बँकेत कुणी, दुकानात कुणी, कुठंही कुणी चार आकडे दाबायला लागलं की माझी मान आपोआप वळते. लोक नुसती नजर वळवतात. माझं सगळं अंग भिंत शोधतं, खिळा शोधतं. अत्तराचा वास येतो. पुरणाचासुद्धा येतो. इतक्या वर्षांनी येतो, आणि मला त्याची चीड येते.

मान वळली की मी ती परत समोर आणते. माझ्याकडं कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सोर्स देते आणि म्हणते, आधी स्वतःच्या खात्यात बांध, मग मला विचार. पासवर्ड टाकायची वेळ आली तर मीच त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसते. त्याला उठवत नाही. आणि मला उठवायला अजून येतात माणसं, गोड बोलून येतात, कायदा दाखवत येतात. येऊ देत. पुसायचं ते पुसू देत. सोर्स माझ्याकडं आहे, आणि मी खुर्चीतून उठणार नाही.