सोनटक्के सर आणि आमचा बुजवलेला आड

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिडकीशी उभे राहून दगड चाटत होते. भूगर्भशास्त्र विभागात शिपाई म्हणून माझा तो पहिला दिवस. इस्त्रीचा शर्ट, चष्मा आणि जिभेवर दगड. मी दारातच थांबले. सर म्हणाले, “या बाई. हा जिभेला चिकटतोय, म्हणजे यात चिकणमाती आहे.” मी विचारलं, “धुतला होता का?” नव्हता.

सर आता साठ वर्षांचे झाले, निवृत्तही होतायत. गौरव अंकाला काहीतरी लिहा म्हणून सगळे माझ्या मागे लागले. मी चौथी शिकलेली. जे आहे तेच लिहिणार. सरांबद्दल आदर मला कुणापेक्षा कमी नाही, पण सरांनी मला जेवढा वैताग दिला तेवढा सासरच्यांनीही दिला नाही.

आमच्या लहानशा कॉलेजात या विषयाला मुलं मोजकीच. सगळ्यांचा डोळा कंपनीतल्या नोकरीवर. तरी सर दर हिवाळ्यात पोरांना चाकणकडे फिल्डवर नेतात, आणि मुलींच्या आयांनी नाही म्हणू नये म्हणून मलाही नेतात. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अख्खी बस शिव्या घालत असते, सर एकटे खूश. रस्त्यासाठी कापलेला डोंगर निवांत बघायला मिळतो ना! एकदा एका मुलीची चप्पल तुटली. सरांनी स्वतःचे बूट तिला दिले आणि नुसत्या मोज्यांवर खडीतून चालले. मी रागावले तर म्हणाले, “असू द्या हो, आपल्याच डोंगराची खडी आहे.”

पण मला लिहायचंय ते आमच्या घरच्या पाण्याचं. आमचं घर चाकणच्या पुढं, राजगुरुनगरच्या वाटेवर. कंपन्या आल्या, भाड्याच्या खोल्या वाढल्या, आणि उन्हाळ्यात नळ कोरडा पडायला लागला. टँकर आला तर आला. जाऊबाई म्हणायला लागल्या, घर विकू, चिंचवडला जाऊन राहू. सासूबाई म्हणाल्या, “आदी मला मसणात न्या, मग इका.” घर टिकवायचं तर पाणी पाहिजे. म्हणून दिरांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि जमिनीतलं पाणी सांगणारा पानाड्या बोलावला. तळहातावर नारळ घेऊन तो अंगणभर फिरला. कोपऱ्यात नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी तिथंच.

मी सरांना घेऊन आले. आजूबाजूच्या विहिरींत दोर सोडून पाणी मोजण्यात सरांचा रविवार गेला. दिरांनी विचारलं, “सर, पाणी लागंल का न्हाई?”

“शक्यता कमी वाटते. पण खात्रीनं नाही सांगता येणार.”

“नारळ तर खात्रीनं उभा राहिला, राव!”

“नारळाला बरं आहे,” सर म्हणाले, “चुकला तरी त्याला कुणी विचारत नाही.”

मला इतका राग आला! अहो, ठाम नाही म्हणाला असतात तर भाऊजी थांबले असते. पण जेवढं ठाऊक आहे त्याच्या पुढं सर एक शब्द बोलत नाहीत, समोरचा कितीही तडफडो.

बोअरची गाडी आली. वरचा भाग ढासळू नये म्हणून त्यांनी आधी पाइप बसवला. मग खाली नुसती काळ्या पाषाणाची भुकटी, पाण्याचा थेंब नाही. गाडी निघून गेली. सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या, दीर जेवायला उठेनात. अशा सुतकात सर आले आणि भुकटीचे ढीग पिशव्यांत भरायला लागले, तेही हसऱ्या चेहऱ्यानं! गाडीवाल्याला त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं, की खोलीप्रमाणे ढीग वेगळे लाव.

सासूबाई मला म्हणाल्या, “ह्यो मास्तर हाय का भंगारवाला?”

सरांनी एक ढीग बोटांनी चुरला. गेरूसारखा लाल. त्याच्या वरच्या थराचा ढीग अजून ओलसर होता. सर म्हणाले, “आजी, पाणी आहे. खाली नाही, वरच आहे. या लाल थरावर अडून राहिलंय, आणि पाइपानं नेमकं तेच बंद झालं. पूर्वी तुम्ही पाणी कुठून भरायचा?”

सासूबाईंनी परसाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “परसात आड व्हता की. नळ आला आन् आमीच बुजवला, राडारोडा टाकून.”

तो आड उपसायला घरचे सगळे लागले, सरांची पोरंही आली. जुन्या तळाखाली थोडं खणलं तर लाल थर लागला, आणि त्याच्या वरच्या भेगांतून पाणी पाझरायला लागलं. धो धो नव्हे. पण आमचं आणि शेजारच्या घराचं भागतं. जाऊबाई आता चिंचवडचं नाव काढत नाहीत.

सरांनी दिरांना एका शब्दानं टोचलं नाही. दीर नारळ-शाल घेऊन त्यांचा सत्कार करायला गेले तर म्हणाले, “एक उन्हाळा जाऊ द्या, मग बघू.” तो गेला तर म्हणाले, “अजून एक.”

यंदाच्या उन्हाळ्यात तर पाझर बघायला सर स्वतः दोर धरून आडात उतरले. वरून सासूबाई ओरडतायत, “मास्तर, वर या! पडला तर तुमच्या बायकुला काय तोंड दावू?” आणि खालून आवाज, “आलोच आजी, जरा ओल बघतो!”

सर, तुम्हाला शंभर वर्षं मिळोत, गुडघे धड राहोत, हे आमचं घर रोज मागतं. दर उन्हाळ्यात या, पाणी मोजा, जेवून जा. पण वरूनच बघायचं. दोर मी उचलून ठेवलाय, आणि कुठं ते सासूबाईंनाही सांगितलेलं नाही.