वाजली ती नापास

कारखान्यात खराब माल टाकायला एक लाल डबा असतो. तो रोज संध्याकाळी रिकामा होतो. किश्शांचं तसं नाही, ते वितळवायची सोय नाही, मग साठतच जातात. नवऱ्याला सांगून झाले, हरमलला माहेरी सांगून झाले, आता तुम्ही सापडलात!

मी गोव्यात डिचोलीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. आम्ही रायफलच्या काडतुसाची पितळी केस बनवतो. नुसती रिकामी केस हं; दारू नाही, गोळी नाही. परदेशातले हौशी नेमबाज ती विकत घेतात, घरी स्वतः भरतात, झाडतात आणि तीच केस पुन्हा भरतात. त्यामुळे ही माणसं भयंकर चिकित्सक. नवी केस हातात आली की नव्या सुनेकडे बघावं तशी फिरवून फिरवून बघतात.

आमची ही लाइन नवीन. सुरुवातीचे लॉट परत आले, तेव्हा मॅनेजर नाईकसाहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं. आणखी थोडे दिवस बघू, शेवटी गिऱ्हाइकाचा माणूस येऊन लॉट तपासेल. नापास झाला तर लाइन बंद, कंत्राटी माणसं घरी. पास झाला तर तीच माणसं पर्मनंट.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तुकारामचा. हा गडहिंग्लजचा, केसच्या मानेला आच देणाऱ्या मशीनवर. लग्न झाल्यापासून बायको सुनंदा तिकडे आणि हा इकडे, कामावरच्या पोरांबरोबर भाड्याच्या खोलीत दाटीवाटीनं. पर्मनंट झालो की तिला आणणार, हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की कँटीनवाली चहा देतानाच बायकोला आणलंस का म्हणून विचारायची, "हाडलंस रे बायलेक?"

०

केसच्या बुडाला एक बारीक भोक लागतं, त्यातून ठिणगी आत जाते. एकदा भोक पाडणारी पिन मोडली आणि कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बिनभोकाच्या केसेस चांगल्यांत मिसळल्या. एकेक उजेडात धरून बघता बघता आमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तुकारामनं कंटाळून एक केस ओठाला लावली आणि फुंकली. शीऽऽ! खणखणीत शिट्टी. दुसरी फुंकली तर नुसतं फुस्स. बघतो तर काय, वाजली तिला भोकच नव्हतं!

झालं, अख्खा विभाग शिट्ट्या मारायला बसला. वाजली ती नापास. आवाज ऐकून नाईकसाहेब लालबुंद होऊन धावत आले. चांगल्या घरच्या बायका भर ड्यूटीत शिट्ट्या मारतायत म्हणजे काय! मी कारण सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माका एक मूठ दी गो."

०

वजनाचा काटा तर आमच्याकडे इतका नाजूक, की बाहेरून खाणीचा ट्रक गेला की आकडे नाचायला लागतात. बरी केस हलकी दिसते, हलकी केस बरी दिसते. सुरुवातीला आम्ही कितीतरी सोन्यासारखा माल लाल डब्यात घातला. मग पद्धतच पडली. कान द्यायचा, ट्रक नाही ना ते बघायचं आणि पटकन केस ठेवायची.

मध्ये काही काळ ट्रक बंद होते. क्वालिटी एकदम सुधारली, तसा रिपोर्ट वर गेला आणि वरून नाईकसाहेबांना शाबासकी आली! त्यांनी ती गुपचूप घेतली. ट्रक पुन्हा सुरू झाल्यावर मात्र हा माणूस रस्त्याकडे असा बघायचा, जणू कुणी त्याची बढती घेऊन पळतंय.

०

केसेस घसरत येऊन पत्र्याच्या पेटीत पडायच्या आणि तोंडं चेपायची. खाली घालायला रबर मागवलं, ते काही येईना. माझा भाऊ हरमलला मासे धरतो. त्याचं जुनं जाळं आणून मी पेटीत झोळीसारखं बांधलं. पोचे बंद! जाळं साबणानं धुतलं होतं, देवाशपथ. पण बांगड्याचा वास साबणाला भीक घालतो होय?

पहिल्यांदा आली मांजरं. मग आला गिऱ्हाइकाचा ईमेल. तोंडं उत्तम आहेत, पण हा वास कसला? नाईकसाहेबांनी उत्तर धाडलं की आमचा कारखाना समुद्राकाठी आहे. डिचोलीत कुठला आलाय समुद्र! पण तिकडच्यांचं समाधान झालं.

०

अखेर तपासणीचा दिवस ठरला, नेमका गणेशचवथीच्या आधी. मी आदल्या दुपारी रजा टाकून गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं आणायला गेले. सकाळी येऊन बघते तर लॉट देवघरातल्या समईसारखा झळझळतोय.

"कोकमाच्या सोलांच्या पाण्यात भिजवून घासलं बघा सगळ्यांनी," तुकाराम म्हणाला. "पावणा येणार, माल कसा चकचकीत पायजे."

चकचकीत कसला! अहो, आच दिल्यावर केसच्या मानेवर जांभळट-निळा पट्टा उमटतो. मान मऊ झाल्याची ती खूण. मान कडक राहिली तर झाडताना फाटते. गिऱ्हाईक पहिल्यांदा तो पट्टाच बघतं, आणि आमच्या शहाण्यांनी तो घासून पुसून टाकला होता! मी तुकारामला वाट्टेल ते बोलले. तो एकेक केस उजेडात धरून पट्टा शोधत बसला, तेव्हा मलाच वाईट वाटलं.

गिऱ्हाइकातर्फे तपासायला आले ते बेळगावचे निवृत्त सुभेदार. त्यांनी केस उचलली, फिरवली आणि विचारलं, "पट्टा कुठाय?"

मी खरं ते सांगून टाकलं, सोलांसकट. ते हसले नाहीत. त्यांनी पक्कड मागितली. आच न दिलेली एक केस घेऊन मान चिमटली, ती कट्‌कन तडकली. मग लॉटमध्ये हात घालून मिळेल ती केस काढत गेले आणि माना चिमटत गेले. प्रत्येक चिमट्याला तुकारामचे डोळे मिटायचे. माना चपट्या झाल्या, पण एकही तडकली नाही. सुभेदारांनी पक्कड खाली ठेवली.

"मान मऊ आहे ते कळायला पट्टा बघायचा," ते म्हणाले. "मला कळलं. पास. पुढच्या लॉटला मात्र हात लावाल तर याद राखा."

नाईकसाहेबांनी सुभेदारांचा हात धरला तो सोडेचनात. मी चक्क रडले. तुकारामनं बायकोला फोन लावला आणि आम्ही त्याला स्पीकर लावायला लावला, कारण ही बातमी आमचीपण होती.

"सुनंदा, पास झालं गं. पर्मनंट झालो. आता तू तयारीला लाग."

पलीकडून एस्टीचा भला मोठा हॉर्न ऐकू आला.

"तयारी कसली? तिकडंच यायला निघाले, आंबोलीचा घाट उतरले की मी. बोचकी लई हायत, स्टँडवर या घ्यायला."