दादाची पालक

मायनं त्या दिवशी घोटाळाच केला. भंडाऱ्याच्या कोर्टात जायचं म्हणून तिनं दादाला नवा सदरा घातला, कपाळाला कुंकवाचा टिळा लावला, हातावर दही-साखर ठेवली. आमच्याकडे तरणा माणूस असा नटून निघाला की तो पोरगी पाहायला निघाला, हे शेंबडं पोरही सांगेल. दादा तिशी ओलांडलेला, पण लहानपणीच्या तापानं त्याची समज पाच वर्षांच्या पोराएवढीच राहिलेली. त्याच्याहून लहान असलेल्या गावातल्या सगळ्या पोरांची लग्नं झाली होती. लाखांदूरहून एसटी निघाली आणि तो माझ्या कानाशी लागला, "बाई, पोरगी गोरी आहे का?"

मायवर अशी चिडले म्हणता! पण तिला तरी काय बोलणार? छातीचं दुखणं विकोपाला गेलं होतं, तिचं काही खरं नव्हतं. बाबा गेल्यावर धानाच्या शेतीवर दादाचंही नाव लागलं होतं, आणि मेला चुलतकाका त्याचा अंगठा उठवून घ्यायला कागद घेऊन घरी चकरा मारत होता. मी धाकटी बहीण, शाळेत शिकवणारी, बिनलग्नाची. मी दादाची कायदेशीर पालक झाले नसते तर शेत गेलंच असतं, आणि दादा काकाच्या गोठ्यात शेण काढत मेला असता.

जजसाहेबांनी त्याला विचारलं, "इथं कशाला आलात?"

"पोरगी पाहाले," दादा लाजत म्हणाला.

कोर्ट खो खो हसलं. आमच्या विरोधात उभा राहिलेला काका सगळ्यात जोरात. आग लागो त्या हसण्याला!

मग मला विचारलं, याला कितपत समजतं. घरात दादासमोर आम्ही असं काही कधी बोललो नव्हतो. एखाद्या पाहुण्यानं त्याला येडा म्हटलं तर माय त्या पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायची. आणि मी भर कोर्टात म्हणाले, "याले काही समजत नाही साहेब. काहीच नाही."

दादा माझ्याकडे पाहतच राहिला. "मले समजते ना, बाई?"

"नाही," मी म्हणाले. म्हणावंच लागलं.

साहेबांनी पालक म्हणून मला नेमलं. वकील म्हणाले, जिंकलो आपण. बाहेर मी कडुनिंबाखाली बसले आणि मला रडू आवरेना. दादा शेजारी टेकला. तळव्यानं माझं तोंड पुसत म्हणाला, "कायले रडून राहिली? मले नाही समजत तं नाही. पण तुले सांभाळाले मी आहो ना."